बोरूचा तिरपा काप

सोलापूरच्या नवी पेठेत कापड घ्यायला आलेल्याने पाट्या वाचत थांबू नये. मागची गर्दी ढकलून पुढे नेते. मी तरी थांबतो. फ्लेक्सवरची बहुतेक मराठी अक्षरे एकाच जाडीची नळी वाकवून केल्यासारखी दिसतात. पाटीला ते शोभते, लांबून दिसणे हेच तिचे काम. पाटीवरची देवनागरी इतर लिपीपेक्षा लहान नसावी, असे राज्याच्या कायद्यात २०२२ साली आले. वळणाबद्दल कायदा बोलत नाही, ते बरेच आहे. माझी तक्रार वेगळी: पाटीचे हे अक्षर आता पुस्तकाच्या पानात शिरले आहे.

रोमन छपाईत 'सेरिफ' म्हणजे रेघेच्या टोकाला फुटलेले छोटे पाऊल. देवनागरीला ते नाही. आपले पारंपरिक पुस्तकी अक्षर ओळखायचे जाड-बारीक रेघेवरून, आणि ती रेघ आली बोरूच्या तिरप्या कापातून. हा काप रोमन लेखणीच्या उलटा. म्हणून रोमन 'ए'चा उजवा पाय जाड, तर त्याच दिशेने उतरणारी 'ब'च्या पोटातली रेघ बारीक. रोमन टंक समोर ठेवून देवनागरी रेखणारा हमखास इथे फसतो.

मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांतून बोरूचे वळण शिशात उतरले. या छापखान्याच्या 'काव्यमाले'तली संस्कृत पाने आजही डोळ्यांना त्रास देत नाहीत, कारण रेघ बारीक होते तिथे जोडाक्षराच्या पोटात पांढरी जागा उरते. एकजाड अक्षरात ती बुजते. दाते पंचांगाच्या सोलापुरात हे समजावून सांगायला नको. पंचांगाच्या कोष्टकात नक्षत्र, योग, तास, मिनिटे एका ओळीत दाटलेली. 'ध'ची तुटकी शिरोरेषा भरून आली की तो 'घ' झालाच.

सुरुवातीच्या संगणकांच्या पडद्यांवर बारीक रेघ टिकत नसे, म्हणून ती सोडावी लागली. र. कृ. जोशींचा 'मंगल' टंक विंडोजबरोबर घरोघर गेला. 'एक टाइप'चा एकजाड 'मुक्ता' मला मोबाइलवर फार आवडतो. पण त्यात तीनशे पानांची कादंबरी जुळवणे हा टंकाचा दोष नव्हे, जुळवणाऱ्याचा आळस आहे.

आता पडदेही सुधारले, बारीक रेघही परतली. हार्वर्डच्या मूर्ती ग्रंथमालेसाठी रेखलेल्या अक्षरांतून 'टिरो देवनागरी' निघाला, तोही हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा वेगळ्या रूपांत. मराठी रूपात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' जागेवर आहेत. २००९च्या शासननिर्णयाने मान्य केलेली हीच रूपे. उणीव एक, पण मोठी: ठळक जोड नाही, मथळ्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. मजकुरासाठी मात्र सध्या मी हाच निवडेन.

तो फुकट मिळतो. सोलापुरातल्या दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा एकच कथा एकजाड आणि जाड-बारीक अशा दोन्ही वळणांत, दहा पॉइंटांत छापून पाहावी, आणि ती चष्मा लावणाऱ्या एखाद्या आजोबांच्या हाती मुद्रितशोधकाच्याही आधी द्यावी.