चितळकर नावाचा गायक

सी. रामचंद्रांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. 'अनारकली', लता मंगेशकर, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर गायलं गेलेलं 'ऐ मेरे वतन के लोगों'. बहुतेक लेख याच त्रिकोणात फिरतात. मला इथे दुसऱ्याच माणसाविषयी लिहायचं आहे. संगीतकार म्हणून ज्यांचं नाव 'सी. रामचंद्र' असं लागे, तेच गायला उभे राहिले की 'चितळकर' होत. संगीतकाराला मान मिळाला. गायकाला मात्र 'अण्णांची हौस' म्हणून बाजूला बसवलं गेलं. माझं म्हणणं असं, की रॉक अँड रोल हा शब्द आपल्याकडे पोचण्याआधीच त्या गाण्याला लागणारा गळा आपल्याकडे तयार होता, आणि तो या चितळकरांचा होता.

रामचंद्र नरहर चितळकर १२ जानेवारी १९१८ला पुणतांब्यात जन्मले. पुणतांबं आमच्याच राहाता तालुक्यातलं. आमचं कोल्हार प्रवरेकाठी, ते गोदाकाठी. चांगदेवांच्या समाधीसाठी लोक तिथे जातात, दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन म्हणूनही ओळखतात. चितळकरांसाठी मुद्दाम वाट वाकडी करणारे थोडे. गाण्याची तालीम विनायकबुवा पटवर्धनांकडची, म्हणजे पलुस्कर परंपरेतली, शिस्तीची. १९३५च्या 'नागानंद'मध्ये ते नायक होते. नट म्हणून जमलं नाही, मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटी वाजवली, दोन तामिळ चित्रपटांना संगीत दिलं, आणि १९४२ साली मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'पासून हिंदीत आले. हा तपशील इथे आवरता घेतो, कारण त्यांच्या 'माझ्या जीवनाची सरगम' या आत्मचरित्रात तो त्यांच्याच तोंडून वाचण्यात गंमत आहे.

गायकाची खरी गोष्ट १९४७च्या 'शहनाई'पासून सुरू होते. 'आना मेरी जान' या गाण्यात गिटार, माउथ ऑर्गन, शीळ, आणि मीना कपूर व शमशाद बेगम यांच्यासोबत चितळकर. त्यानंतर 'पतंगा'तलं (१९४९) रंगूनच्या टेलिफोनचं गाणं. दोन्ही गाणी गमतीची म्हणून लोकप्रिय झाली आणि गमतीची म्हणूनच निकालात निघाली. त्यांत गळा काय करतो, हे ऐकायला कोणी थांबलं नाही.

तो गळा ऐकायचा तर 'अलबेला' (१९५१) लावावा. चितळकरांचा आवाज पातळ आहे, थोडा नाकातला. खर्ज जवळजवळ नाही. तलतचा मखमली कंप नाही, रफींचा विस्तार नाही. मग ते करतात काय? ओळ बोलतात. शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकतात आणि पुढच्या शब्दात ती उधारी फेडून टाकतात. 'भोली सूरत' ऐकताना पायाने ताल धरून पाहा: पाय सरळ चालतो, आवाज मात्र त्याच्याभोवती रेंगाळतो, धावतो, डोळा मारतो. अभिजात तालमीत वाढलेल्या माणसाने हे रेंगाळणं ठरवून केलेलं आहे. सूर चुकल्यामुळे असं होत नाही. लयीवर पक्की मांड असल्याशिवाय लयीशी अशी थट्टा करता येत नाही.

अमेरिकेत याच काळात लुई जॉर्डन असंच गात होता. अर्धं बोलणं, अर्धं गाणं, वर मिस्कीलपणा आणि खाली न थांबणारा ठेका. रॉक अँड रोलचा इतिहास लिहिणारे त्याला पूर्वज मानतात. एल्विसची पहिली व्यावसायिक तबकडी आणि बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' ही १९५४ची. चितळकरांनी जॉर्डनची नक्कल केली असं मी म्हणत नाही. त्यांच्यावरचा मान्य प्रभाव बेनी गुडमनचा, म्हणजे स्विंगचा. पण एकाच झाडाला दोन मुलखांत सारखी फांदी फुटावी, तसं हे दिसतं.

ही फांदी इथे रुजली ती गोव्याच्या वादकांमुळे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, ताजमध्ये जॅझ वाजवत आणि दिवसा सी. रामचंद्रांकडे काम करत. 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. 'शोला जो भडके'मधले बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन हे नुसतं नटवणं नव्हे. वाद्यं गायकाला उत्तरं देतात, आणि चितळकर त्या उत्तरांसाठी जागा सोडून गातात. साथीला गप्प बसवून गाण्याची सवय असलेल्या काळात हा वेगळा स्वभाव होता.

पडद्यावर हा आवाज मास्टर भगवान यांचा. गिरणी कामगाराचा हा मुलगा स्वतः मजुरी करून सिनेमात आला, आणि 'अलबेला'चा निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळं तोच. देह थोराड, नाच अगदी सोपा. गणपतीच्या मिरवणुकीत कुणालाही करता येईल असा. देखण्या नायकाला हा गळा शोभला नसता, असं मला वाटतं. त्याला असा माणूस हवा होता, ज्याला पाहून पिटातला प्रेक्षक म्हणेल, 'हा तर आपल्यातलाच.' आपल्या समीक्षेला चितळकर नावडले, त्यात या पिटाविषयीच्या नावडीचाही वाटा असावा.

उलट बाजूही सांगायला हवी. 'आझाद'मध्ये (१९५५) दिलीपकुमारसाठी 'कितना हसीं है मौसम' चितळकरांनी गायलं. ते तलतसाठी होतं, असं सांगतात, आणि ऐकतानाही तसंच वाटतं. गाणं सुरेल आहे, गोड आहे. पण त्यात चितळकर नाहीत. प्रतिष्ठित नायकाचा आवाज व्हायचं म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा आवाज दाराबाहेर ठेवला. चाहत्यांना हे त्यांचं शिखर वाटतं. मला ती माघार वाटते.

मग १९५७ला 'आशा' आला, आणि खरोखरचा रॉक अँड रोल. 'ईना मीना डीका'च्या निरर्थक शब्दांत सहायक जॉन गोम्स यांनी कोकणी 'माका नाका', म्हणजे 'मला नको', घातल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. हे गाणं गायलं किशोरकुमारांनी, आणि आशाबाईंनी वेगळ्या रूपात. पडद्यावर नायक किशोरच, तेव्हा दुसरं कोण गाणार? त्यांनी गायलंही असं, की पुढे कुणाची टाप नाही. पण एकदा 'अलबेला' आणि लगेच 'आशा' असं ऐकावं. ते रेंगाळणं, शब्द फेकणं, मध्येच बोलून जाणं. किशोरच्या धबधब्याखाली चितळकरांचा पाट वाहताना ऐकू येतो.

पुढे १९७०च्या मराठी 'घरकुल'मध्ये त्यांनी 'हाऊस ऑफ बांबू' या इंग्रजी गाण्यावर बेतलेलं गाणं दिलं, आणि ते मराठी घरांत सहज खपलं. ५ जानेवारी १९८२ला ते गेले. आमच्या भागात त्यांचं नाव निघतं ते बहुधा २६ जानेवारीच्या आसपास, शाळेच्या मैदानावरच्या कर्ण्यातून, आणि ते गाणं लताबाईंच्या आवाजातलं असतं. गणपतीत 'शोला जो भडके' वाजतं, तेव्हा त्यावर नाचणाऱ्या पोरांना गाणारा पुणतांब्याचा आहे, हे कोणी सांगत नाही.