आज्ञा की विधान? प्रोग्राममधील परिचयलेखांच्या भाषेविषयी

संगणकाच्या प्रोग्रामची भाषा हा विषय गणितज्ञांवर सोपवून भाषाभ्यासकाने मोकळे व्हावे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. यंत्राला उद्देशून लिहिलेल्या भागापुरती ती कदाचित ग्राह्य ठरेल. परंतु चांगल्या प्रोग्राममध्ये आणखी एक मजकूर असतो. तो नैसर्गिक भाषेत, माणसासाठी लिहिलेला असतो. प्रोग्राम वापरणारा, दुरुस्त करणारा आणि त्यावरून शिकणारा असा त्याचा त्रिविध वाचक असतो. प्रस्तुत लेखात पायथन या भाषेतील अशा मजकुराचा व्याकरणाच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

पायथनमध्ये एखाद्या फंक्शनच्या, क्लासच्या किंवा मॉड्यूलच्या आरंभी अगदी पहिली गोष्ट म्हणून अवतरणचिन्हांत मजकूर लिहिला, तर तो मजकूर त्या घटकाला जोडला जातो. यास ‘डॉकस्ट्रिंग’ म्हणतात. पुढील विवेचनात त्यासाठी ‘परिचयलेख’ हा शब्द वापरला आहे. साधी टीप आणि परिचयलेख यांत एक महत्त्वाचा भेद आहे. टीप केवळ मूळ संहितेत राहते. प्रोग्राम चालू झाला की तिचे अस्तित्व उरत नाही. परिचयलेख मात्र एरवी चालू प्रोग्राममध्येही त्या घटकासोबत असतो. ‘हेल्प’ या फंक्शनला घटकाचे नाव दिले की तो समोर येतो. ज्युपिटरच्या वहीत नावापुढे नुसते प्रश्नचिन्ह टाकले तरी पुरते. आणि आजच्या बहुतेक संपादकांत नावावर दर्शक नेऊन ठेवला की एका लहान चौकटीत तो उमटतो. ही कल्पना पायथनहून जुनी आहे. १९७६ साली जन्मलेल्या ईमॅक्स या संपादकाविषयी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच ‘स्वतःचा परिचय स्वतः देणारा’ या अर्थाचे विशेषण आहे.

या व्यवस्थेचा भाषिक परिणाम असा की, परिचयलेख बहुधा संदर्भावाचून वाचला जातो. व्याकरणाचे सूत्र वाचणाऱ्याच्या हाताशी वृत्ती, वार्तिक आणि भाष्य यांची परंपरा असे. येथे चौकटीतल्या दोन-चार ओळी एवढाच वाचकाचा आधार असतो. मूळ संहिता उघडून पडताळा पाहण्याचे कष्ट टळावेत, यासाठीच तर तो परिचयलेख पाहतो. म्हणजे नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे झाल्यास, परिचयलेख हा शब्दप्रमाण म्हणून स्वीकारला जातो. मग तो आप्तवाक्य ठरण्यास पात्र आहे किंवा नाही, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

या लेखनाचे संकेत डेव्हिड गुडजर आणि गुइडो व्हान रॉसम यांनी २००१ साली ‘पेप २५७’ या पत्रकात ग्रथित केले. पहिली ओळ स्वयंपूर्ण असावी, तिच्या शेवटी पूर्णविराम असावा, आणि फंक्शनचा परिणाम आज्ञेच्या रूपात सांगावा, वर्णनाच्या रूपात सांगू नये, असा त्यातील दंडक आहे. ‘हे परत कर’ असे लिहावे. ‘हे परत करते’ असे लिहू नये. ईमॅक्सची परंपराही पहिल्या वाक्यापुरती याच मताची आहे. याउलट जावा या भाषेच्या परिचयलेखांसाठी सन कंपनीने जे मार्गदर्शन केले, त्यात तृतीय पुरुषी वर्णनाला पसंती दिली आहे. दोन्ही पंथांत चांगले प्रोग्रामकार आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे, असे कोणास वाटेल. आमच्या मते तो तसा नाही.

आज्ञार्थी वाक्य पाळले जाते किंवा मोडले जाते; ते खरे अथवा खोटे असू शकत नाही. सत्यासत्यतेचा निकष फक्त विधानाला लागतो. परिचयलेख वाचणारा मनुष्य तर नेमके सत्यच विचारीत असतो: हे फंक्शन काय करते? त्याला मिळणारे उत्तर मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून फंक्शनला उद्देशून केलेली आज्ञा असते. आज्ञा देणारा लेखक आपल्या इच्छेचा जबाबदार असतो, वस्तुस्थितीचा नसतो. पुढे संहिता बदलली आणि परिचयलेख तसाच राहिला, तरी आज्ञा जुनी झाली एवढेच वाटते. साक्ष खोटी ठरली असे वाटत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. पायथनमध्ये एका शब्दमालेत दुसरी शोधणारी ‘फाइंड’ आणि ‘इंडेक्स’ अशी दोन भावंडे आहेत. दोघांचेही काम सापडलेले सर्वांत अलीकडचे स्थान सांगणे. भेद एवढाच की, काही न सापडल्यास ‘फाइंड’ उणे एक हा अंक परत करते आणि ‘इंडेक्स’ त्रुटी उपस्थित करते. दोघांच्या परिचयलेखांचा आरंभ दंडकानुसार आज्ञार्थाने होतो. परंतु ‘इंडेक्स’च्या लेखात त्रुटीचा उल्लेख येताच क्रियापद निमूटपणे तृतीय पुरुषी वर्तमानकाळात जाते. एकाच लेखात असे दोन अर्थ का यावेत? ‘फाइंड’मधील उणे एकचे वाक्य आज्ञार्थीच राहिले आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे. आमचा तर्क असा की, अंक परत करणे हे फंक्शनचे कर्तव्य म्हणून सांगता येते. त्रुटी उद्भवणे ही घटना आहे आणि घटनेला आज्ञा करता येत नाही. जेथे वाचकाला सावध करावयाचे असते, तेथे लेखणी आपोआप विधानाकडे वळली.

तथापि क्रियापदाचा अर्थ बदलला म्हणजे सारे साधले, असे नाही. यादी क्रमवार लावणाऱ्या ‘सॉर्ट’चे उदाहरण घ्यावे. ते मूळ यादीच बदलते आणि काहीही परत करीत नाही. ‘सॉर्टेड’ मात्र मूळ यादी तशीच ठेवून नवी परत करते. नवशिके विद्यार्थी ‘सॉर्ट’चे फळ एखाद्या नावात साठवू पाहतात आणि रित्या हाताने परततात. पायथन २ मधील परिचयलेखात यादी जागच्या जागी बदलते एवढे ठसठशीत अक्षरांत सांगितले होते. परत काय मिळते, याविषयी मौन होते. आजच्या लेखाच्या पहिल्याच वाक्यात काहीही परत मिळत नसल्याचे स्पष्ट केले आहे. नावातून न कळणारी गोष्ट सांगणे हा परिचयलेखाचा पहिला धर्म होय, आणि या दुरुस्तीत तो पाळला गेला आहे.

दुसरा धर्म एकक सांगण्याचा. लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ या फंक्शनचा परिचयलेख म्हणतो की, ते संग्रहातील घटकांची संख्या देते. विधान निर्दोष आहे. परंतु लहान अभंगाच्या चरणात आठ अक्षरे आहेत किंवा नाहीत, हे तपासू पाहणारा मराठीचा विद्यार्थी ‘घटक’ या शब्दाचा अर्थ अक्षर असाच घेणार. ‘क्षितिज’ या शब्दात छंदःशास्त्राप्रमाणे तीन अक्षरे आहेत. ‘लेन’ सात सांगते. कारण क, हलन्तचिन्ह, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज असे सात युनिकोड-संकेत त्यात आहेत. शिवाय चरणातील मोकळ्या जागाही मोजल्या जातात. त्या विद्यार्थ्याने या भरवशावर एखाद्या संतकवीचे छंद सदोष ठरविले, तर दोष कोणाचा? परिचयलेख खोटे बोलला नाही. पण ‘घटक’ म्हणजे काय, हा वाचकाचा खरा प्रश्न त्याने अनुत्तरित ठेवला. हे फंक्शन यादीपासून शब्दमालेपर्यंत सर्वांना लागू पडावयाचे, म्हणून शब्द व्यापक निवडावा लागला, हे मान्य. तरी शब्दमालेपुरते एखादे वाक्य जोडल्यास व्यापकपणाला बाध येण्याचे कारण नाही.

सत्याची राखण करण्याचा एक उपाय पायथनमध्येच आहे. २००१ मधील २.१ या आवृत्तीपासून आलेले ‘डॉकटेस्ट’ हे मॉड्यूल परिचयलेखात लिहिलेली उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहते आणि लिहिलेले उत्तर मिळाले नाही तर तसे कळविते. परिचयलेखाचा काही भाग तरी त्यामुळे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. मात्र ही उलटतपासणी उदाहरणांपुरतीच असते. भोवतालच्या वाक्यांची जबाबदारी लेखकाचीच राहते.

आता हा विचार मराठीत करण्याचे प्रयोजन. २००८ पासूनच्या पायथन ३ मध्ये संहिता मुळातच युनिकोड धरली जाते. परिचयलेख देवनागरीत लिहिण्यास तांत्रिक आडकाठी नाही. इंग्रजीत आज्ञार्थाचे रूप आणि मूळ धातू एकच असल्याने तेथील वाचकाला आज्ञेची टोचणी जाणवत नाही. मराठीत तसे झाकून नेता येत नाही. ‘कर’, ‘करावे’ आणि ‘करते’ यांतून निवड करावीच लागते. ‘कर’ म्हटले की कोणाला, हा प्रश्न उभा राहतो. ‘करावे’ने वाचकालाच उपदेश केल्यासारखे वाटते. ‘करते’ हा साधा वर्तमानकाळ रीती दाखवितो, कर्ता स्पष्ट ठेवतो, आणि चुकल्यास खोटा ठरण्याचा धोका पत्करतो. म्हणूनच तो स्वीकारावा, अशी आमची शिफारस आहे. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने पहिले वाक्य आखूड हवे. नाही तर संपादकाच्या अरुंद चौकटीत नेमके तेच कापले जाईल.

आपल्या विभागांत शब्दसूची, वारंवारता-गणना आणि पाठचिकित्सा यांसाठी लहानमोठे प्रोग्राम आता नित्य लिहिले जातात. ज्याने ते लिहिले तो विद्यार्थी दोन वर्षांनी निघून जातो. मागे त्याचे परिचयलेख राहतात. त्यांत ‘शब्द मोजते’ एवढेच लिहिले असेल, तर शब्द कशाला म्हटले, सामासिक शब्द एक धरला की दोन, प्रत्यय तोडले की ठेवले, हे पुढच्या संशोधकाने कोणास विचारावे? प्रबंधातील प्रत्येक विधानाला आपण आधार मागतो. ज्या फंक्शनने त्या प्रबंधातील आकडे दिले, त्याच्या परिचयलेखालाही तोच निकष लावला पाहिजे.