घटकाने बाहेर काय सांगावे? : स्क्रोल-घटनेविषयी एक टिपण

वेबपृष्ठासाठी स्वतःचा घटक रचण्याची सोय, म्हणजेच कस्टम एलिमेंट, आज सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. तिच्या जोडीस येणाऱ्या शॅडो डॉममुळे घटकाची अंतर्गत रचना पृष्ठापासून अलग राहते. या अलगपणाचा एक परिणाम पुष्कळांस खटकतो. समजा, शब्दकोशाची लांबलचक यादी अशा घटकात ठेवली. वाचक ती सरकवू लागला, तरी आतील ‘स्क्रोल’ ही घटना बाहेरच्या श्रोत्यापर्यंत पोचत नाही. ती पूर्वज-घटकांकडे वर चढत नाही. आणि ‘कंपोझ्ड’ नसल्यामुळे, कॅप्चर टप्प्यात ऐकू पाहणाऱ्या बाह्य श्रोत्यालाही मिळत नाही. परिणामी, पृष्ठाच्या माथ्यावर चालू अक्षर दाखविणारी पट्टी ‘अ’वरच थिजते, वाचक मात्र ‘म’पर्यंत गेलेला असतो.

यावर सुचविला जाणारा एक उपाय असा, की आतील प्रत्येक स्क्रोल पकडून त्याच नावाची घटना बाहेर पाठवावी. हा उपाय आम्हांस सदोष वाटतो. सीमेबाहेर त्या घटनेचे लक्ष्य म्हणून यजमान-घटकच दिसतो. श्रोता त्याचे ‘स्क्रोलटॉप’ विचारतो आणि, सरकणारा भाग आत असल्याने, त्यास शून्य हे उत्तर मिळते. नाव तेच, आशय निराळा! घटनांचा ओघ ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ने आवरण्याचा उपायही बहुधा निरर्थक होय, कारण पडदा नव्याने रेखाटण्याच्या प्रत्येक खेपेस ही घटना एका लक्ष्यासाठी फार तर एकदाच पाठविली जाते.

भाषाविज्ञानात आपण स्वन आणि स्वनिम यांत भेद करतो. उच्चारातील प्रत्येक सूक्ष्म फरक अर्थभेदक नसतो. तद्वतच यादी चार पिक्सेल सरकली, ही पृष्ठाच्या दृष्टीने वार्ता नव्हे; अक्षर बदलले, ही वार्ता होय. म्हणून आतील सरकणारा भाग मूळ मानून ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ने दृश्य नोंदी ओळखाव्यात, आणि अक्षर पालटताच ‘अक्षर-बदल’ अशी स्वतंत्र नावाची, ‘बबल्स’ व ‘कंपोझ्ड’ असलेली घटना त्या अक्षरासह पाठवावी. घटकाने विंडोवर श्रोता जोडला असेल, तर घटक पृष्ठातून निघताना तो काढून घेणेही त्याचेच कर्तव्य आहे.

क्वचित पृष्ठास नेमके स्थानच हवे असते, उदाहरणार्थ वाचन किती झाले हे दाखविण्यासाठी. तेव्हा घटकाने ते गुणधर्म म्हणून उघड सांगावे. आतील रचना झाकणे योग्यच. परंतु तिचा अर्थ बाहेर कळविण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.