हे घालून माणूस खाली बसतो कसा?

मागच्या वर्षी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मी गाईड मॅडमना दिला. विषय होता, विज्ञानकथांमधली चिलखतं स्वतः बनवून, ती अंगावर चढवून सार्वजनिक कार्यक्रमांत फिरणारे लोक. मसुद्यात ‘ओळख’ हा शब्द इतक्यांदा आला होता की मोजायची लाज वाटावी. मॅडमनी सगळी पानं शांतपणे वाचली, ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या स्टॉर्मट्रूपरच्या फोटोवर बोट ठेवलं आणि एकच विचारलं, “अगं, हे घालून माणूस खाली बसतो कसा?”

मला सांगता आलं नाही. दीड वर्ष या विषयावर वाचत होते, टिपणं काढत होते, पण जिच्याबद्दल लिहितेय ती वस्तू चालते कशी हेच माहीत नव्हतं. वाईट म्हणजे परत जाऊन वाचलेलं सगळं चाळलं, तर त्यातल्या बहुतेक लेखांतही उत्तर नव्हतं. रिसर्चच्या तयारीत असलेल्यांना लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘गॅप शोधा’ असं सांगितलं जातं, पण ती दिसते कशी हे कुणी सांगत नाही. मला ती कशी दिसली, ते सांगते.

आधी या विषयाचा इतिहास कसा सांगितला जातो ते बघू. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले वाटतील असे पोशाख घालून आले. अ‍ॅकरमन यांचं नाव ‘पहिला कॉस्प्लेअर’ म्हणून घेतलं जातं. दोन्ही पोशाख शिवले होते डग्लस यांनी. त्यांचं नाव येतं, नाही असं नाही, पण बऱ्याचदा दुसऱ्या वाक्यात. घालणारा पहिला आणि शिवणारी नंतर, हा क्रम पुढच्या अभ्यासातही टिकून राहिला, अशी माझी तक्रार आहे.

या क्षेत्रात सगळे उद्धृत करतात असा एक लेख म्हणजे निकोल लामेरिख्स यांचा २०११ सालचा ‘स्ट्रेंजर दॅन फिक्शन’. लेख चांगला आहे. आधी वाचा, मग माझी टीका वाचा. त्यांच्या मते कॉस्प्लेचे घटक चार: एक कथा, एक पोशाख, प्रेक्षकांसमोरचं सादरीकरण आणि ते करणारी व्यक्ती. या चौकटीमुळे एक मोठं काम झालं. ‘मोठी माणसं लहान मुलांसारखी नटतात’ या थट्टेतून विषय बाहेर निघाला. पण चौकटीतला पोशाख हा तयार पोशाख आहे. तो कशाचा बनला, किती दिवस लागले, कुठे तुटला, अंगावर कुणी चढवला, या प्रश्नांना चार घटकांत स्वतःची जागा नाही. कापडी पोशाखाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जातं. चिलखताच्या बाबतीत खपत नाही.

का खपत नाही, ते मला न्यू जर्सीत मावशीच्या गॅरेजमध्ये कळलं. (तिकीट मावशीने काढलं होतं, फेलोशिपने नाही.) माझा मावसभाऊ तिथे स्टॉर्मट्रूपर बनवत होता. असं चिलखत कपड्यासारखं विकत आणून घालता येत नाही. मोठ्या खोक्यात एबीएस प्लास्टिकचे पांढरे, न कापलेले भाग येतात. प्लास्टिकचा पत्रा तापवून, खालची हवा ओढून साच्यावर बसवलेला असतो. हेच व्हॅक्यूम फॉर्मिंग. पत्र्याची जाडी साधारण दोन मिलिमीटर. दंड, मनगट, मांडी, पोटरी यांचे प्रत्येकी दोन अर्धे भाग. ते आपल्या मापाने कापायचे, जोडायचे आणि सांध्यावर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची. म्हणजे साचा एकच असला तरी चिलखत प्रत्येक शरीरावर वेगळं होतं.

आता गोंद बघा. भाऊ ई-६००० नावाचा गोंद वापरत होता. तो पूर्ण पकडायला एक ते तीन दिवस घेतो. लोहचुंबक आणि चिमटे लावून ठेवायचे आणि वाट बघायची. मी म्हटलं, “अरे, चटकन चिकटणारा गोंद का नाही वापरत?” तो म्हणाला, “ताई, तो निघत नाही. हा उद्या ओढून काढता येतो.” मी वहीत हे वाक्य दोनदा लिहिलं. जो माणूस वस्तू जोडताना ती उद्या सोडवावी लागणार हे धरून चालतो, त्याच्यासाठी ‘तयार पोशाख’ ही कल्पनाच बाद आहे. दुरुस्ती पहिल्या दिवसापासून वस्तूच्या आत आहे.

दुसरी गोष्ट ‘अचूकपणा’ची. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात अल्बिन जॉन्सन यांनी ‘५०१ वी लीजन’ ही संघटना सुरू केली. आज ती जगभर पसरली आहे. सभासद व्हायचं तर तुमचं चिलखत त्यांच्या संदर्भसूचीतल्या प्रत्येक कलमाला उतरावं लागतं. पट्टा कसा, सांधा कुठे, हेल्मेटवरची रेघ कशी, सगळं लिहिलेलं. वाचून पहिल्यांदा वाटतं, केवढा हा काटेकोरपणा! पण मूळ वस्तू काटेकोर नव्हतीच. १९७७ च्या चित्रपटासाठी ती घाईत, स्वस्तात, कॅमेऱ्यापुरती बनवली होती. हेल्मेटच्या दोन बाजू सारख्या नाहीत. गालावरच्या रेघा हाताने रंगवलेल्या, त्यामुळे दोन हेल्मेटं तंतोतंत एकसारखी नाहीत. आतून दिसतही इतकं कमी की चित्रपटात एक सैनिक सरळ दारावर डोकं आपटतो. २००४ च्या डीव्हीडीत तर त्या धडकेला आवाजही दिला गेला.

पुण्यात शिकणाऱ्यांना पाठचिकित्सा ऐकून माहीत असते. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा अनेक पोथ्या ताडून नकलाकारांच्या चुका आणि भर बाजूला काढली. चिलखतवाले पद्धत तीच वापरतात. चित्रपटातल्या फ्रेम ताडतात, उरलेल्या मूळ वस्तूंचे फोटो मिळवतात, वाद घालतात. पण त्यांची दिशा उलटी. इथे चूक हीच मूळ पाठ आहे, आणि वाकडी रेघ मुद्दाम, नीट वाकडी काढायची असते. हे निव्वळ ‘सादरीकरण’ नाही. हे संपादन आहे, ज्ञान तयार करण्याचं काम आहे. फक्त ‘ओळख’ शोधायला गेलं की हे हातून निसटतं.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष घालणं. जून महिन्यातला, लहान मुलांच्या मदतीसाठीचा एक कार्यक्रम. हे लोक अशा कार्यक्रमांना जाण्याचे पैसे घेत नाहीत. भावाने आधी काळा घट्ट पोशाख, मग बूट, पोटऱ्या, मांड्या असं खालून वर चढवायला सुरुवात केली. छातीपर्यंत आल्यावर हात मागे पोचेना. “ताई, पाठीमागचं बटण लाव ना.” तेवढ्या एका वाक्याने मी निरीक्षकाची हँडलर झाले. हँडलर म्हणजे सोबतचा साधा कपड्यातला माणूस. समोरून येणारं लहान मूल हेल्मेटमधून दिसत नाही, ते सांगणारा. पायरी आली म्हणणारा. नळीने पाणी पाजणारा.

तासाभरात डाव्या मांडीचं बटण सुटलं. एका गाडीच्या आडोशाला गेलो. भावाचा काळा डबा उघडला: जादा बटणं, इलॅस्टिक, पांढरी टेप, स्क्रूड्रायव्हर, गोंद. पाच मिनिटांत परत बाहेर. असं तीनदा झालं. प्लास्टिकच्या आत घाम वाळत नाही, म्हणून अंग तापतं. गुडघ्यामागे कडा चावतात. आणि हो, खाली बसता येत नाहीच. उंच स्टुलावर टेकायचं, नाहीतर मांड्यांचे भाग काढायचे. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

संध्याकाळी लोकांनी काढलेले फोटो बघितले. एकाही फोटोत मी नव्हते आणि तो डबाही नव्हता. असणार कसा? आम्ही आडोशाला गेलो की लोक कॅमेरा खाली करत होते. माझी मुख्य टीका इथे आहे. ज्या अभ्यासाचं साहित्य म्हणजे मंचावरचे फोटो आणि कार्यक्रमातल्या मुलाखती, त्या अभ्यासाला सादरीकरणच दिसणार. निष्कर्ष चूक नसतो, पण तो साहित्य निवडतानाच ठरून गेलेला असतो. १ जानेवारी २००७ ला कॅलिफोर्नियातल्या रोझ परेडमध्ये जॉर्ज लुकास प्रमुख पाहुणे होते आणि लीजनचे सुमारे २०० सभासद साडेपाच मैल, म्हणजे जवळपास नऊ किलोमीटर, चालले. चित्रफीत बघितली तर शिस्तबद्ध पांढरी रांग दिसते. ज्याने एक तास हे चिलखत सांभाळलंय, त्याला पहिला प्रश्न वेगळा पडतो: नऊ किलोमीटर ती बटणं टिकली कशी?

गंमत म्हणजे हे प्रश्न अभ्यासकांपेक्षा न्यायालयाने जास्त नेटाने विचारले. अँड्र्यू एन्सवर्थ यांनी मूळ चित्रपटासाठी हेल्मेटं बनवली होती. पुढे त्यांनी त्याच साच्यांतून प्रती विकायला काढल्या, तेव्हा लुकासफिल्मने ब्रिटनमध्ये खटला भरला. प्रश्न असा की हे हेल्मेट कायद्याच्या अर्थाने ‘शिल्प’ आहे का? शिल्प ठरलं तर कॉपीराइटचं मोठं संरक्षण, नाही तर नाही. मग राल्फ मॅकक्वारी यांची चित्रं कुठे संपतात, निक पेंबर्टन यांनी मातीचा नमुना कसा केला, एन्सवर्थ यांनी प्लास्टिकमध्ये काय बदललं, हे सगळं तपासलं गेलं. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: शिल्प नाही. चित्रपट बनवण्याच्या कामातली ती एक उपयोगाची वस्तू आहे.

हा निकाल मला अर्धाच पटतो. ‘वस्तू कशासाठी बनली’ हा प्रश्न योग्य. पण उत्तर १९७६ च्या कार्यशाळेतच थांबतं. तेच हेल्मेट आज कुणाच्या गॅरेजमध्ये वाकड्या रेघेसाठी महिनाभर खपून बनतं, तेव्हा त्याचा उपयोग कोणता? कायद्याला हे विचारायची गरज नव्हती. आपल्याला आहे.

आता माझ्या टीकेवरची टीका, कारण ती तुम्ही करालच. एक, या क्षेत्रात वस्तूंकडे कुणी बघितलंच नाही असं नाही. लामेरिख्स यांचा लेख ज्या नियतकालिकात आला, त्यानेच २०१४ मध्ये बॉब रेहॅक यांच्या संपादनाखाली वस्तुरूप फॅन-संस्कृतीवर खास अंक काढला. त्याच वर्षी स्टीव्हन जॅक्सन यांचा दुरुस्तीवरचा निबंध आला. तंत्रज्ञान नवेपणातून न बघता मोडतोडीतून बघा, असं तो सुचवतो. माझ्या पहिल्या मसुद्यात या दोन्हींचा उल्लेख नव्हता. ती गॅप क्षेत्रातली नव्हती, माझ्या वाचनातली होती. हा फरक कृपया लक्षात ठेवा. व्हायव्हात तो फार महाग पडतो.

दोन, गोंद आणि बटणांबद्दलच लिहीत बसलं तर प्रबंधाचं माहितीपुस्तक होतं. ‘ओळख’ टाकून द्यायची नाही, ती बटणापर्यंत खाली आणायची. अल्बिन जॉन्सन यांचंच घ्या. १९९४ च्या मोटार अपघातानंतर त्यांना पाय गमवावा लागला, आणि तीन वर्षांनी त्यांनी ही संघटना उभी केली. ‘चिलखतातून नवी ओळख’ असं वाक्य इथे चटकन लिहून होतं. मीही लिहिलं होतं, आता खोडलंय. त्याऐवजी विचारावं की कृत्रिम पायावर पोटरीचा भाग बसवताना काय कापावं लागतं? पट्टा कुठे बांधतात? ते कुणाकडून शिकतात? शरीर, वस्तू आणि ओळख या एका प्रश्नात एकत्र येतात, आणि याची उत्तरं बघून, विचारून मिळू शकतात. ‘ओळखीची पुनर्रचना’ कशी बघायची, सांगा बरं!

म्हणून तुमचा विषय कोणताही असो, गणपतीची मखर असो की गावातली भजनी मंडळी, प्रपोजल लिहिण्याआधी तीन साध्या गोष्टी करा. विषयातली मुख्य वस्तू एकदा हातात घ्या, जमलं तर तिच्या तयारीत मदत करा. ती बिघडते तेव्हा तिथे हजर राहा आणि कोण काय करतं ते लिहा. आणि तुमच्याकडे जमलेल्या साहित्यात कोणता माणूस कधीच दिसत नाही, ते शोधा. माझ्याकडे तो माणूस मीच निघाले, हे कळायला विमानाचं तिकीट लागलं. तुम्हाला कदाचित बसचं पुरेल.

नवा मसुदा गेल्या महिन्यात दिला. आता प्रकरणाची सुरुवात त्या काळ्या डब्यापासून होते. मॅडमनी वाचला, बसण्याबद्दलचा परिच्छेद आला तेव्हा हसल्या. मग शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: “पिवळं पडलं, तडा गेला, तरी टाकून का देत नाहीत?” भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तडा गेला तर उरलेले तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्याचाच लगदा भरायचा. म्हणून कापलेले तुकडेपण आम्ही टाकत नाही.” तिसरं प्रकरण आता त्या तुकड्यांच्या पिशवीवर लिहितेय.