परिसेविकेची कार्यमग्नता : एका मोजपट्टीचे परीक्षण

परिचारिकांच्या प्रमुखांची कार्यमग्नता मोजताना संशोधक बहुधा उट्रेख्त प्रश्नावलीचा आधार घेतात. विल्मार शॉफेली व सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेल्या या प्रश्नावलीत १७ विधाने असून जोम, समर्पण व तल्लीनता हे तीन घटक आहेत. अडचण तल्लीनतेची आहे. काम करताना भोवतालचे सारे विसरणे हा येथे गुण ठरतो. चित्रकाराला ते शोभते. परिसेविकेला मात्र एका रुग्णाचे सलाईन पाहताना दुसऱ्याचा श्वास, रजेवरील परिचारिकेची पाळी आणि औषधांच्या कपाटाची किल्ली, सर्वच ध्यानात ठेवावे लागते. तिने भोवताल विसरणे हा दोषच! २००६ च्या ९ विधानांच्या संक्षिप्त आवृत्तीतून हे विधान गळले खरे, पण कामात बुडून जाण्याचे, वाहून जाण्याचे विधान राहिलेच. मूळ श्रेणीत तर कामापासून स्वतःला तोडणे कठीण जाणे हेही गुणातच जमा आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये बारीकसारीक व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांची कसोटी उलट दिशेची आहे : प्रमुख हजर असताना जे होते, ते ती नसतानाही होते काय? तिच्या गैरहजेरीत कक्षाचे काय होते, याविषयी उट्रेख्त प्रश्नावलीत एकही विधान नाही.