चार्वाकाची बाजू

वर्गात दोन मुले भांडली, तर एकाचेच ऐकून मी निकाल देत नाही. चार्वाकाचे मात्र आपण तसेच केले. त्याचे ग्रंथ लोपले. कर्ज काढून तूप पिणारा चार्वाक आपल्याला भेटतो तो १४ व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त, म्हणजे प्रतिपक्षाच्या घरी. तिथे तो ‘नास्तिकशिरोमणी’ ठरतो. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या ग्रंथाला नाव दिले ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’. ग्रंथ मोलाचा आहे. नाव तेवढे मला खटकते. शिवी उलटवली, तरी शब्द फिर्यादीचाच राहतो! चार्वाकाचे मागणे साधे : आधी प्रत्यक्ष दाखवा. आमच्या भिवंडीचा यंत्रमागवाला लक्ष्मीपूजनाला वही पूजतो; पण कापड मोजल्यावाचून तिच्यात आकडा मांडीत नाही. त्याला आपण काय म्हणणार?