चित्राच्या ओठांवरील भाषा

स्थिर चित्रास वाचा देण्याची विद्या अलीकडे बरीच पुढे गेली आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'वासा-१' ही पद्धती प्रसिद्ध केली. एक चित्र आणि एक ध्वनिमुद्रण एवढ्या सामग्रीवर ती बोलता चेहरा घडविते. नमुन्यादाखल त्यांनी लिओनार्दोच्या मोनालिसाकडून एक आधुनिक द्रुतलयीचे गीत म्हणवून घेतले. पाहताना प्रथम हसू येते. मग दृष्टी दातांवर जाते. मूळ चित्रातील ओठ मिटलेले आहेत, दात लिओनार्दोने रंगविलेच नाहीत. ते यंत्राने इतर असंख्य चेहऱ्यांवरून कल्पिले.

मुळात जेथे मौन आहे तेथे काही घालण्याचा हा मोह भाषांतरकारास अपरिचित नाही. परंतु त्याचे नाव पुस्तकावर असते, आणि दोष त्याच्या पदरी बांधता येतो.

हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१९ साली या प्रश्नाकडे भाषांतराच्याच बाजूने पाहिले होते. भाषण दुसऱ्या भाषेत नेले की वक्त्याचे ओठही त्या भाषेत न्यावयाचे, असा त्यांचा संकल्प. पुढील वर्षीच्या त्यांच्या 'वाव्हटूलिप'मध्ये ध्वनी व ओठ जुळतात की नाही एवढेच पारखणारा स्वतंत्र परीक्षक यंत्रात योजिलेला आहे. तो घडला बीबीसीच्या इंग्रजी चित्रफितींवर; तरी ही पद्धती कोणत्याही भाषेस चालावी अशी अपेक्षा आहे, आणि यात नवल मानण्याचे कारण नाही. ओठांपुरते पाहिले तर 'पान', 'बाण' आणि 'मान' हे तिन्ही शब्द जवळजवळ एकच होत. कंठ्य वर्ण तर बाहेरून दिसतच नाहीत. ओठांची जुळणी ही इतक्या थोड्याची साक्ष असता आपण तिला वक्त्याच्या संमतीची साक्ष समजतो, हा खरा घोटाळा आहे. ध्वनी बदललेल्या चित्रपटात ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नसे, आणि त्याचा आपण उपहास करीत असू. परंतु मध्ये कोणी तिसरा आहे हे त्या विसंगतीमुळेच प्रेक्षकास कळे. माझ्या मते ती भाषांतरकाराची सहीच होती.

'मायहेरिटेज' या कंपनीने २०२१ साली जुन्या छायाचित्रांतील पूर्वजांना डोळे मिचकावावयास लाविले, पण दुरुपयोग टाळण्यासाठी वाचा बुद्ध्या दिली नाही. हा विवेक वर्षभर टिकला. २०२२ साली त्याच पूर्वजांची छायाचित्रे आपली चरित्रे सांगू लागली. मजकूर वंशवृक्षातील नोंदींवरून तयार होई, किंवा नातवंडे लिहून देत.